वाऱ्याचा वाटा

विरारजवळच्या आमच्या आगाशीत विजेची पहिली गोष्ट सांगितली जायची ती एका बुडालेल्या आगबोटीची. बोटीचं नाव वैतरणा. स्कॉटलंडातल्या ग्रेंजमाउथच्या गोदीत १८८५ साली बांधलेली, मुंबईच्या शेफर्ड कंपनीची, कच्छातल्या मांडवीहून मुंबईला उतारू आणणारी. आत विजेचे दिवे होते म्हणून काठेवाडातले लोक तिला 'वीजळी' म्हणत. वैतरणा नदी अर्नाळ्याच्या उत्तरेला, दातिवऱ्याजवळ समुद्राला मिळते. ज्या बोटीला आमच्या नदीचं नाव ती बोट आमची, असा जुन्या माणसांचा हिशेब होता. आजोबांना ही गोष्ट आगाशीच्या बाजारात एका गुजराती दुकानदाराच्या ओटीवर कळली आणि त्यांनी ती आपल्या आजीच्या एका आठवणीला जोडून घेतली: अंधाऱ्या रात्री समुद्रावरून दिव्यांची एक ओळ दक्षिणेकडे सरकत जायची आणि गावातली माणसं ती बघायला किनाऱ्यावर उभी राहायची. मुंबईची आगबोट किनाऱ्याच्या इतक्या जवळून जात असेल का, याची मला शंका आहे. पण ज्या घरात कंदिलाचं तेलही जपून वापरायचे, तिथल्या माणसांना विजेचा उजेड पहिल्यांदा दिसला तो दुसरीकडे निघालेला, एवढं त्या गोष्टीतलं मी खरं धरते.

८ नोव्हेंबर १८८८ला वैतरणा मांडवीहून निघाली, द्वारकेला थांबली, वादळामुळे पोरबंदरला लागू शकली नाही आणि पुढे तिचा पत्ताच लागला नाही. सातशेहून अधिक माणसं गेली. त्यांत मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुलं होती. आजोबा गोष्ट इथे थांबवायचे आणि म्हणायचे, "वाऱ्यानं वीज खाल्ली." लहानपणी मला हे वाक्य भीतीदायक वाटे. वारा आणि वीज यांचं वैरच असणार, असं मनाशी पक्कं झालं होतं.

आजोबांना एक गोष्ट कधीच कळली नाही, आणि ती त्यांना सांगायला हवी होती असं मला नेहमी वाटतं. वैतरणा बुडाली त्याच्या आदल्या वर्षी, १८८७च्या जुलैत, स्कॉटलंडातल्याच मेरीकर्क नावाच्या खेड्यात जेम्स ब्लाइथ नावाच्या प्राध्यापकानं आपल्या बागेत एक पवनचक्की उभी केली होती. तिच्या पात्यांना चक्क कापडाची शिडं लावलेली होती. त्या शिडांनी फिरवलेल्या जनित्राची वीज बॅटऱ्यांत साठवून त्यानं घरात दिवे लावले. उरलेली वीज गावच्या रस्त्यावरच्या दिव्यांसाठी देऊ केली, तर गावकऱ्यांनी ती सैतानाची करणी म्हणून नाकारली. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात अमेरिकेत क्लीव्हलंडला चार्ल्स ब्रश यानं १४४ लाकडी पात्यांची, १७ मीटर व्यासाची प्रचंड चक्की बांधली. ती १२ किलोवॅट वीज देई आणि पुढे वीस वर्षं त्याच्या घराला पुरली. चार वर्षांनी डेन्मार्कात पॉल ला कूर या शिक्षकानं आस्कोवच्या शाळेत हेच काम शिस्तीनं हाती घेतलं. म्हणजे एका समुद्रात वारा विजेचे दिवे गिळत होता, त्याच सुमारास दुसरीकडे शिडाचं कापड लावून वाऱ्यातून वीज काढली जात होती. आणि शिडाचं कापड ओळखणारी माणसं तर आमच्या दाराशी होती.

अर्नाळ्याचे एक तांडेल आजोबांचे स्नेही होते. मी त्यांना पाहिलं तेव्हा त्यांनी समुद्र सोडलेला होता. ते दुपारी आमच्या पडवीत येऊन बसत आणि बोलता बोलता मध्येच गप्प होऊन मान जरा वळवत. वारा कुठल्या कानाला लागतोय ते बघायची ती सवय. इंजिनाच्या होड्या आल्या त्या १९५०नंतर. त्यांच्या उमेदीचा सगळा काळ शिडावर गेला होता. पहाटे मतलई सुटते, ती होडीला किनाऱ्यावरून अलगद आत नेते, दुपार कलली की समुद्राकडून खारा वारा येतो, तो घरी आणतो. रात्री जमीन लवकर निवते आणि पाणी ऊब धरून राहतं, दिवसा उलट होतं. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात हे वाचलं तेव्हा मला ते आधीच पाठ होतं. "मतलई चुकली की दिवस चुकला," असं तांडेल म्हणत. आज आपण विरारची ८:१२ चुकली म्हणतो तसं.

वाऱ्याचा हा हिशेब फक्त समुद्रावर चालत नसे. बोंबील वलांडीवर टाकायचे ते उत्तरेचा कोरडा वारा लागला की. तोंडात तोंड अडकवून बांबूवर ओळीनं लटकवलेले बोंबील अशा वाऱ्यात दोन-तीन दिवसांत कडक होतात, दमट वाऱ्यात त्यांना वास सुटतो. नायगावपासून वरच्या पट्ट्यातली मिठागरं ऊन आणि वारा या दोघांवर चालत. खळ्यावर भात उफणायचं तर सूप खांद्याच्या वर धरून वाऱ्याची वाट बघत उभं राहायचं. आणि आमची सुकेळी. राजेळी केळी पिकवून, सोलून मांडवावर पसरायची, रोज उलटायची, दिवसेंदिवस वाळवायची, शेवटी सुकलेल्या केळीच्या पानात बांधायची. आगाशीची सुकी केळी इंग्रजांच्या गॅझेटियरातही नोंदली गेली आहेत. आजीची त्यातली खूण मला नीट आठवते. ती सकाळी मांडवाशी जाऊन एक केळं बोटांनी दाबायची, मग तीच बोटं एकमेकांवर चोळून बघायची. चिकट राहिली तर वारा फिरला. लगेच सगळ्या केळ्यांवर चादरी पडायच्या आणि आम्हा मुलांना मांडवाखालून हाकलून द्यायचे, कारण आमच्या धावण्यानं धूळ उडे. आकाश स्वच्छ असताना ती पाऊस सांगायची, आणि बहुतेक वेळा तो यायचा.

आगाशीचा वाऱ्याशी संबंध याहून जुना आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे लाकडाचा आणि जहाजबांधणीचा मोठा व्यापार होता. १५३० आणि १५३१ अशी दोन वर्षं पोर्तुगीजांनी गाव लुटलं. १५४० साली इथे एक जहाज बांधलं गेलं ते युरोपपर्यंत जाऊ शकेल एवढं भक्कम होतं, अशी नोंद आहे. शिडाच्या जहाजाला युरोप गाठायचा तर मोसमी वारा कधी वळतो हे नेमकं माहीत असावं लागतं. ते जाणणारे लोक याच खाडीकाठी राहत होते. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

मात्र एका वाऱ्याशी कुणाचाच व्यवहार नव्हता. ज्येष्ठ सरता सरता नैर्ऋत्येकडून जो सुटतो तो. मृगाच्या आधी होड्या वर ओढायच्या, त्यांच्यावर झापं बांधायची, घराच्या पश्चिमेच्या भिंतीलाही झापं लावायची आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याकडे फक्त बघायचं. तांडेल त्या महिन्यांना 'वाऱ्याचे दिवस' म्हणत, आणि त्या शब्दात भूक होती. जाळी विणायची, उधारीवर तांदूळ आणायचा, सुक्या मासळीवर भागवायचं. आमच्या वाडीत केळींना टेकू लावून लावून माणसं दमत. 'आषाढाचा वारा कुणाच्या कामाचा?' हा आजोबांचा प्रश्न होता. त्याला उत्तर अपेक्षित नसे.

वाऱ्याच्या ताकदीविषयी त्यांना सांगायला नकोच होतं. नोव्हेंबर १९४८च्या चक्रीवादळात त्यांची बाग एका रात्रीत आडवी झाली होती. सकाळी उठून बघतात तर बावखलापर्यंत, म्हणजे शिंपणाच्या तळ्यापर्यंत, सरळ नजर जात होती, मध्ये एक केळ उभी नव्हती. ते हे सांगत तेव्हा हात जमिनीला समांतर धरून एका दिशेनं फिरवत. सगळ्या केळी एकाच बाजूला पडल्या होत्या.

त्या काळी बाग शिंपायची ती रहाटानं. बावखलाच्या काठावर रेडा गोल फिरे, गाडग्यांची माळ पाणी वर आणी आणि पन्हळातून ते पाटाला लागे. पुढे तेलाचं इंजिन आलं, मग विजेची मोटर. पण वीज गावाशेजारून जाऊ लागली ती यापूर्वीच. १९३६ साली बोरिवलीच्या पुढे विरारपर्यंत विजेची गाडी आली. आजोबा तेव्हा तरुण होते. भाजी आणि केळी घेऊन ते विरार स्टेशनवर जात. गाडी यायची ती आतून लख्ख उजळलेली, डब्यातल्या माणसांचे चेहरे बाहेरून दिसायचे. गाडी सुटली की पुन्हा कंदील उचलायचा आणि बैलगाडीनं अंधारातून आगाशीला यायचं. रुळावर वीज होती आणि रुळापासून कोसभर आतल्या घरांत नव्हती. ही अवस्था कितीतरी वर्षं राहिली. आमच्या घरी दिवा लागला तो कोयनेचं पाणी १९६२मध्ये वीज देऊ लागल्यानंतर. म्हातारी माणसं त्याला 'कोयनेची लाईट' म्हणत. १९६९मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, देशातलं पहिलं, आमच्याच पालघरच्या किनाऱ्यावर. त्याच्या आसपासच्या खेड्यांतून माणसं उठवली गेली ती कहाणी निराळी आणि मोठी आहे. इथे एवढंच सांगते की वीज जिथे तयार होते तिथल्या माणसाच्या पदरात ती सर्वांत शेवटी पडते, हे आमच्याकडे कुणाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

कोयनेची लाईट जिथून आली तो मुलूख मी पुष्कळ वर्षांनी पाहिला, आणि आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. सातारा जिल्ह्यात पाटण तालुका, जुलै महिना. सडावाघापूरच्या पठारावर उभी होते. तिथे कड्यावरून पाण्याचा ओढा खाली पडायला जातो, पण खालच्या दरीतून वारा एवढ्या जोरानं वर येतो की पाणी पडतच नाही. कड्याच्या काठावरून ते उलटं उसळतं आणि पठारावर उभ्या असलेल्या माणसाला समोरून भिजवतं. लोक त्याला उलटा धबधबा म्हणतात आणि फोटो काढायला येतात. मी काठापासून दहा पावलांवर होते, तरी तोंडावर पाण्याचे सपकारे बसत होते, छत्री उघडायचा प्रश्नच नव्हता. पाठीमागे धुक्यात पवनचक्क्या फिरत होत्या. दिसत नव्हत्या, ऐकू येत होत्या: एक पातं खाली येताना घुमारा, मग दुसरं. मध्येच धुकं फाटलं आणि एक पांढरं पातं अगदी डोक्यावर आल्यासारखं दिसून पुन्हा नाहीसं झालं. हाच तो नैर्ऋत्येचा वारा. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर होड्यांना महिनोन्‌महिने बांधून ठेवणारा, आजोबांच्या केळी वाकवणारा. सह्याद्रीच्या भिंतीवर चढताना तो दाटतो आणि वेग घेतो, म्हणून पठारावर त्याला अशी धार येते.

वाऱ्याच्या वेगाचं गणित समजलं की या पठारांचं महत्त्व कळतं. वारा दुप्पट झाला तर त्यातली ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. सेकंदाला ६ मीटर वेगाच्या वाऱ्यात प्रत्येक चौरस मीटरमागे साधारण १३० वॅट असतात, १२ मीटरच्या वाऱ्यात हजाराच्या वर. म्हणूनच विरारच्या किनाऱ्यावर पंखे उभारण्यात अर्थ नाही. आमची संध्याकाळची झुळूक जिवाला गार वाटते, पण यंत्राला ती पुरत नाही. शिवाय घरांच्या या दाटीत एवढ्या यंत्राला जागा कुठून आणणार? पठारावर दोनचार मीटरनं वाढलेला वेग सगळा हिशेब बदलून टाकतो. वाऱ्यातली सगळी ताकद तर कुणालाच काढता येत नाही. जर्मनीच्या आल्बर्ट बेट्झनं १९१९मध्ये दाखवून दिलं की ५९.३ टक्क्यांच्या पुढे जाताच येणार नाही, कारण पात्यांतून गेलेल्या वाऱ्याला पुढे सरकायला थोडा वेग उरलाच पाहिजे.

तांडेलांना हे यंत्र समजावून सांगायला फार वेळ लागला नसता. त्याची पाती वाऱ्याला अडवत नाहीत, शिडासारखी तिरकी धरून त्याच्या बळावर सरकतात. वारा फिरला की अख्खं डोकं त्याच्या दिशेला वळतं. सेकंदाला ३-४ मीटर वारा झाला की यंत्र वीज देऊ लागतं. वारा फार वाढला की पाती आपल्या अंगाभोवती पिळून घेतात आणि अंगावरून वारा सोडून देतात, अन् २५ मीटरच्या, म्हणजे ताशी ९० किलोमीटरच्या पुढे यंत्र स्वतःला थांबवतं. वादळात परभाण, म्हणजे शिडाचं आडवं लाकूड, खाली घेऊन शीड उतरवणारा तांडेल हेच करत होता. १७ मे २०२१ला तौक्ते वादळ आमच्या समोरून गुजरातकडे गेलं तेव्हा आमच्या गल्लीत झाडं तारांवर पडून वीज गेली ती लवकर आली नाही. त्या अंधारात मला वैतरणेची गोष्ट आठवत होती आणि आजोबांचं वाक्यही. वाऱ्यानं वीज खाल्ली हे खरं, पण तोच वारा मोजूनमापून हाताळला तर वीज देतो, हेही तितकंच खरं.

महाराष्ट्रात याची सुरुवात कोकणच्याच किनाऱ्यावर झाली. १९८६च्या सुमारास देशात पहिली प्रात्यक्षिक पवनऊर्जा केंद्रं किनाऱ्यांवर उभी राहिली, त्यांतलं आपलं कोकणात आलं. देवगडच्या कड्यावरच्या पवनचक्क्या पुष्कळांनी पाहिल्या असतील. मग यंत्रं घाटमाथ्यावर चढली. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वरच्या अंगाला वनकुसवडेचं पठार आहे, साधारण ११०० मीटर उंचीवर. तिथे शेकडो पवनचक्क्या झाल्या. साताऱ्याजवळ ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडी, सांगलीत ढालगाव आणि गुढे-पाचगणी, उत्तरेला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं ब्राह्मणवेल. पुण्याची सुझलॉन कंपनी १९९५मध्ये सुरू झाली ती तुलसी तांती यांच्या सुरतेच्या कापड कारखान्याला विजेचं बिल परवडेना म्हणून. कापडवाल्यानंच पुन्हा पवनचक्की उभी करावी हे मला ब्लाइथच्या शिडांमुळे विशेष वाटतं. आज राज्यात पवनऊर्जेची क्षमता ५ हजार मेगावॅटच्या वर आहे आणि देशाची मार्च २०२५मध्ये ५० हजार मेगावॅटच्या पुढे गेली. सांगली जिल्ह्यातल्या ५६.४ मेगावॅटच्या पवनचक्क्या रेल्वेसाठी आहेत. आजोबांना ही एकच बातमी सांगितली असती तरी ते दिवसभर तिच्यावर बोलत राहिले असते.

आणि ही वीज येते कधी? वर्षातली निम्म्याहून अधिक जून ते सप्टेंबरमध्ये. ढगांमुळे सौर पॅनल मंदावलेले असतात, तेव्हा. रात्रीही. म्हणजे आमच्याकडे ज्या महिन्यांना भुकेचे महिने म्हणत, तेच महिने महाराष्ट्रातल्या वाऱ्याच्या विजेचा सुगीचा हंगाम आहेत. मला यात फार मोठं समाधान वाटतं. कोळसा जाळण्यापेक्षा हा मार्ग शंभर पटींनी बरा आहे. डहाणूच्या औष्णिक केंद्राच्या चिमणीकडे बघत आणि त्या राखेची काळजी करत या जिल्ह्यातल्या बागायतदारांनी किती वर्षं काढली आहेत, ते आम्ही जाणतो.

सडावाघापूरहून परतताना पावसात एका टपरीच्या आडोशाला थांबले. तिथे घोंगडी पांघरून एक वयस्क बाबा बसले होते, गुरं राखणारे. मी विचारलं, "बाबा, हे पंखे आले तेव्हा काय वाटलं तुम्हाला?" ते म्हणाले, "बाई, इथं काय पिकत न्हवतं. कुसळी गवत आन् वारा. आम्ही म्हणायचो, ह्या वाऱ्यानं वाटोळं केलं. मग शेरातली मानसं आली, म्हनली जमीन द्या. दिली. चार पैसे आले, गेले." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "वाऱ्याचं पैसं कुनाला जात्यात?"

हा प्रश्न मी बरोबर घेऊन आले. आजोबांच्या प्रश्नाचाच तो पुढचा भाग होता. आषाढाचा वारा कुणाच्या कामाचा, ते आता कळलं. त्याची किंमत कुणाला मिळते, ते अजून नीट ठरलेलं नाही. पठारावरच्या पडीक जमिनी त्या वेळी दलालांमार्फत स्वस्तात गेल्या, कारण तिथे वारा आहे आणि वाऱ्याला भाव आहे हे विकणाऱ्याला माहीत नव्हतं. साक्रीकडे वनजमिनी कसणाऱ्या आदिवासींना आपल्या हक्कासाठी आंदोलनं करावी लागली. या तक्रारी पवनचक्कीविरुद्ध आहेत असं मी मानत नाही. त्या व्यवहाराविरुद्ध आहेत. पंखा फिरावा, पण ज्याच्या शिवारात फिरतो त्याच्या घरातही त्याचं काही यावं, एवढंच त्या मागतात.

समुद्राची पाळीही येणार आहे. डेन्मार्कनं १९९१मध्ये विंडेबीला समुद्रात ११ पवनचक्क्या उभ्या केल्या, तिथून जगभर ते काम पसरलं. आपल्याकडे २०१५मध्ये त्याचं धोरण झालं, २०१७मध्ये खंबातच्या आखातात वारा मोजायचं उपकरण बसलं आणि २०२४मध्ये केंद्रानं गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅटसाठी मदत मंजूर केली. महाराष्ट्राचा किनारा या पहिल्या यादीत नाही. पण खंबातचं आखात अर्नाळ्याच्या होड्यांना परकं नाही, आणि डोळीच्या कवींवरून, म्हणजे जाळी रोवायच्या ठरलेल्या जागांवरून, वसई-अर्नाळा आणि सातपाटी-डहाणू यांच्यात आधीच किती जुना वाद आहे ते इथला प्रत्येक कोळी सांगेल. समुद्राला सातबारा नसतो. उद्या तिथे खांब रोवायचे झाले तर आधी तांडेलांना विचारायला हवं, कागदपत्रांवर सह्या झाल्यावर नव्हे. वारा कुठे दाटतो, कुठे पडतो, पाणी कुठे ओढतं हे त्यांना यंत्राइतकं अचूक आकड्यांत सांगता येणार नाही, पण त्यांची कव कुठे आहे ते त्यांना वावभर फरकानं सांगता येतं.

सगळं आताच बोलायचं कारण आहे. घाटमाथ्यावरची सुरुवातीची यंत्रं आता म्हातारी झाली. तेव्हा साडेतीनशे किलोवॅटच्या आसपासची यंत्रं बसवत, आज एकेक यंत्र ३ मेगावॅटचं असतं. जुनी काढून त्यांच्या जागी नवी बसवण्याचं धोरण केंद्रानं २०१६मध्ये आणलं, २०२३मध्ये सुधारलं. त्याच पठारांवर, त्याच वाऱ्यात नवे करार होणार आहेत. ही संधी वीस-पंचवीस वर्षांतून एकदा येते.

मागणी काही नवीन करायची नाही. धरणांच्या बाबतीत नियम आहेच. २००८च्या राष्ट्रीय जलविद्युत धोरणात प्रकल्पातली १ टक्का जादा मोफत वीज स्थानिक विकासासाठी राखून ठेवलेली आहे, आणि प्रकल्पग्रस्त कुटुंबाला दहा वर्षं महिन्याला १०० युनिट द्यायची तरतूद आहे. हाच नियम वाऱ्याला लावा. ३ मेगावॅटचं एक यंत्र क्षमतेच्या २० टक्केच चाललं असं धरलं, तरी वर्षाला साडेबावन्न लाख युनिट देतं. त्याचा एक टक्का म्हणजे साडेबावन्न हजार युनिट. महिन्याला ८० युनिट वापरणाऱ्या पन्नास घरांच्या वाडीला वर्षाला ४८ हजार युनिट लागतात. एका पंख्याच्या एका टक्क्यात एक वाडी उजळते, वर शाळेची आणि पाण्याच्या पंपाची वीज निघते. एकरकमी पैसे देऊन हा हिशेब मिटवू नये, युनिटमागे वाटा द्यावा, आणि तो नव्या करारातच लिहावा. विरारच्या लोकलमध्ये, वसईच्या कारखान्यांत, मुंबईच्या गच्च्यांवर ही वीज वापरणाऱ्या आपण सगळ्यांनी हे मागायला हवं, कारण पठारावरची वाडी एकटी मागेल तर तिचा आवाज खालपर्यंत येणार नाही.